लाभ, दोन, तीन

तळमजल्यावर, शरीररचनेच्या हॉलात
माझी नोकरी एकोणीस वर्षांची.
बादलीत हात घालून मेंदू वर काढायचा,
नळाखाली धरायचा, ट्रेमध्ये मांडायचा,
पोरं यायच्या आत, सव्वाआठला.
खाडीपलीकडे चेंदणीत आमच्या घरी
सगळ्यांना मासळीचा वास,
मला फॉर्मालिनचा.
मांजरंसुद्धा मला वळसा घालतात.

बादलीतला मेंदू घट्ट असतो, पनीरसारखा.
जिवंत माणसातला तसा नसतो,
ओंजळीत धरला तर बसकण मारेल इतका मऊ.
खासनीस मॅडम दर वर्षी हे सांगतात
आणि दर वर्षी एखादं पोर हळूच
स्वतःच्या कपाळाला हात लावून बघतं.
यंदा ती मुंब्र्याची सादिया होती.

वजन चौदाशे ग्रॅमला थोडं कमी.
वर तीन आवरणं:
बाहेरचं जाड, ताडपत्रीसारखं,
मधलं कोळ्याचं जाळं
(मी मनात विचारतो, कुठल्या कोळ्याचं?
भिंतीवरच्या, की आमच्या?)
आणि आतलं इतकं पातळ
की प्रत्येक घडीत, प्रत्येक खाचेत उतरलेलं.
साऱ्या अंगाचं दुखणं इथे येऊन कळतं,
आणि ह्याला कापलं तर ह्याला कळत नाही.

मागे लहान मेंदू. उभा चिरला की आत झाड दिसतं.
डोलत्या होडीत पाय उभे राहतात
ते ह्या झाडाच्या भरवशावर.
खाली देठ. देठात ती अदलाबदल,
डावीकडचे बहुतेक धागे उजवीकडे,
उजवीकडचे डावीकडे.
का, म्हणून एकदा मॅडमना विचारलं.
हसल्या. म्हणाल्या, तसंच आहे ते.
तिथून पुढे करंगळीएवढी दोरी मणक्यांतून उतरते,
कमरेशी संपते,
उरतात नुसते धागे, घोड्याच्या शेपटीसारखे.

हे सगळं मला पाठ होतं
चांगुणा बाजारात कोसळली त्या दिवशीही.

थोरली बहीण माझी.
हात बोंबलांच्या पाटीत होता, तो तिथेच राहिला.
दुसऱ्या मजल्यावर वॉर्ड.
जिना चढताना मी हिशेब करत होतो:
उजवा हात, उजवा पाय, आणि जीभ,
म्हणजे डावीकडे, कानशिलाच्या आत, दीड बोट जागा.
परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
ह्याच जागेवर टाचणी टोचतो मी,
टाचणीला लाल कागदाचं निशाण.

पाणी मागायला गेली, तर नुसता ‘त’ आला.
त. त.
जिच्या हाळीने अर्धी गल्ली जागी व्हायची
ती छताकडे बघत एक अक्षर चावत होती.
मग मी जवळ गेलो. माझा वास आला असणार.
नाक मुरडलं,
आणि लख्ख, काना-मात्रेसकट:
“मुडद्या!”

नर्स चमकली.
मी स्टुलावर बसून हसलो आणि मग हसता येईना.
ही नोकरी लागल्यापासून तिने मला ठेवलेलं नाव हे.

शिव्यांची वाट वेगळी असते, मॅडम म्हणाल्या.
आरती, शिव्या, मोजणी:
तोंडाला पडलेली वळणं ही,
ते दीड बोट विझलं तरी कधी कधी शाबूत राहतात.

निघताना विचारलं, ताई, पुन्हा कधी येऊ?
ओठ हलले. शब्द येईना.
मग डावा हात चादरीवर ठेवून
ती नसलेले मासे एकेक करून सरकवू लागली:
लाभ.
दोन.
तीन.
चार.
आणि हात थांबला. माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बादलीतून जो वर आला
त्याचा नोंदवहीत फक्त आकडा.
नळाखाली जरा जास्तच वेळ धरला.
काका, काय बघताय? सादियाने विचारलं.
काही नाही म्हटलं, पाणी गार आहे.

वर पोचायला चार वाजून सात मिनिटं झाली.
चांगुणाने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
काय म्हणाली, ते सांगायला नको.